शेवटचा माणूस येईपर्यंत

ज्या रविवारी ट्रेक नसे, त्या रविवारी आमच्या डोंबिवलीच्या घरात पाच-सहा माणसं जमून टीव्हीवर दुसऱ्यांचं चालणं बघत बसायची. परदेशातल्या लांब पायवाटांवरच्या फिल्म्स. महिनोन् महिने चालणारी माणसं, त्यांचे तंबू, त्यांचे फोड आलेले पाय. हे आणि ह्यांची मंडळी तीस वर्षं सह्याद्रीत भटकलेली, त्यामुळे कौतुकाने बघणं त्यांना जमायचंच नाही. चूक कुठे सापडते, यावर सगळ्यांचे डोळे. मी पोहे करायची आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फिल्मपेक्षा ह्यांनाच बघायची.

"सॅक बघ त्याची. भरलेली सॅक अशी उडते का?"

"पाणी कुठे भरलं ते एकदा तरी दाखव की रे."

"ड्रोन उडवलंय. त्याच्या बॅटऱ्या कोणी उचलल्या? तो बिचारा कुठेय?"

आणि मग, "आता हा रडणार." तो रडायचाच. नोकरी सोडून निघालेला माणूस अर्ध्या वाटेत दगडावर बसून कॅमेऱ्याला आपलं मन सांगायला लागला की आमच्याकडे हशा पिकायचा. ह्यांचा कॉलेजपासूनचा एक मित्र आहे, कल्याणचा, ग्रुपचा लीड. तो म्हणायचा, "अरे, चालायला आलायस की बोलायला?" ह्यांना तर त्या रडण्याचा मनापासून तिटकारा. डोंगरात जे होतं ते डोंगरातच ठेवावं, असं ह्यांचं मत. घरी आल्यावर विचारलं, कसा झाला ट्रेक, तर "छान झाला" एवढंच. बूट गॅलरीत, कपडे मशिनमध्ये, विषय संपला.

मी कधी बरोबर गेले नाही. मला गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं तरी गरगरतं, तिथे कडे काय बघणार. त्यामुळे ह्यांना डोंगरात चालताना मी आयुष्यात पाहिलं नाही. फोटो भरपूर. पण फोटोतले हे सगळीकडे सारखेच: उभे, कमरेवर हात, मागे बुरूज नाहीतर झेंडा.

ग्रुपमध्ये ह्यांचं काम बॅकलीडचं. लीड सगळ्यांत पुढे असतो, वाट शोधतो. बॅकलीड सगळ्यांत शेवटी. दमलेले, घाबरलेले, पाय मुरगळलेले, सगळ्यांना पुढे घालून हा मागून येणार. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, हा नियम. आणि दुसरा नियम असा की वर पोचल्यावर बॅकलीड आल्याशिवाय कोणी डबा उघडायचा नाही. कितीही भूक लागली तरी. लीड व्हायला सगळे तयार असतात, बॅकलीड व्हायला कोणी नसतं, असं मित्र सांगायचा. हे आपणहून मागे राहिले ते कायमचेच.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत या मंडळींनी रतनगडापासून भीमाशंकरपर्यंत डोंगरमाथ्यावरून सलग चालायचं ठरवलं. ग्रुपमध्ये घोडबंदर रोडला राहणारी एक मुलगी नवीन आली होती. जाहिरातींच्या फिल्म्स जोडायचं तिचं काम. ती म्हणाली, मी यावर डॉक्युमेंटरी करते. हे घरी येऊन हसत म्हणाले, "आता आमच्यातलं कोण रडतंय बघू."

वाटेत जिथे रेंज मिळेल तिथून ह्यांचा फोन यायचा. शेवटच्या टप्प्यातला एक फोन मला नीट आठवतो. आवाज नेहमीपेक्षा जरा थकलेला होता, पण इतकं चालल्यावर थकणारच. म्हणाले, "आज शेकरू दिसलं. झाडाच्या शेंड्यावर. बघत बसलो, तर ही माणसं वर माझ्या नावाने बोंबलत होती." मी म्हटलं, मग काय, उपाशी ठेवलंत त्यांना. त्यावर हसले. मी भाजी कुठली केलीय ते ह्यांनी विचारलं, आणि ठेवला फोन.

मे महिन्यात हे गेले. सकाळी दूध आणायला उतरले आणि जिन्यातच बसले. शेजारच्यांनी मला हाक मारेपर्यंत सगळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं बरंच आधीपासूनचं असणार. मी म्हटलं, शक्य नाही, जानेवारीत हा माणूस रतनगडापासून भीमाशंकरपर्यंत चालत गेलाय.

भेटायला येणाऱ्यांना मी शेकरूची गोष्ट सांगायची. काय बोलावं ते त्यांनाही सुचत नसायचं आणि मलाही. निदान शेवटच्या मोठ्या ट्रेकला मनासारखं काहीतरी बघायला मिळालं, एवढं त्यातून मला सांगता यायचं.

फिल्म तयार झाली ती दिवाळीनंतर. ठाण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये पहिला शो ठेवला होता. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर, जिकडून तिकडून ट्रेकर आलेले. मला मानाने पहिल्या रांगेत बसवलं. वहिनी वहिनी करत पाणी विचारत होते. मला पाणी नको होतं. मला ह्यांना चालताना बघायचं होतं. फोटो बघून बघून मला भीती वाटायला लागली होती की हे कसे चालायचे तेच मी विसरेन. खांदा कुठला पुढे यायचा, हात कसे हलायचे. घरातलं चालणं वेगळं, ते हॉलपासून गॅलरीपर्यंत. ज्या चालण्यासाठी हा माणूस जगला ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

फिल्ममध्ये हे होते. चूल पेटवताना होते, चहा गाळताना होते, कोणाच्या तरी घोट्याला क्रेप बँडेज बांधताना होते. चालताना मात्र नव्हते. गवताच्या पठारावरून माणसांची रांग यायची, मी एकेक चेहरा सोडत मागे मागे बघत जायची, आणि शेवटून दुसरा माणूस दिसला की दृश्य बदलायचं. खिंड आली, तसंच. ओढा आला, तसंच. रांगेत आणि ह्यांच्यात नेहमी अंतर असायचं, आणि त्या अंतरात कात्री चाललेली. शेवटी ह्यांचा तो कमरेवर हात ठेवलेला फोटो, मागे बासरीचे सूर. हॉलमधल्या बायका डोळे पुसत होत्या. मला बासरीचा संताप आला.

दिवे लागले आणि ट्रेकर मंडळी सुरू झाली. मला वाटलं होतं, निदान आज गप्प बसतील. कसले बसतात.

"नाणेघाटातली सकाळ दाखवलीय, पण ऊन समोरून येतंय. नाणेघाट पश्चिमेला उघडतो. ती संध्याकाळ आहे."

"मधली एक घळ गाळलीय. सलग केलं ना, की गाडी घेतलेली?"

ती मुलगी स्टेजवर माइक धरून सगळ्यांना शांतपणे उत्तरं देत होती. मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात ग्रुपमधली मानपाड्याची एक बाई उभी राहिली. ती एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात काम करायची, आणि फिल्मही मालासारखीच तपासायची. ती म्हणाली, "एक सांग. प्रत्येक शॉट तू बॅकलीड यायच्या आधी कापलायस. बॅकलीड आल्याशिवाय आपल्यात काही संपतं का?"

मुलगी गोंधळली. म्हणाली, "ताई, रांग गेली की वाट रिकामी दिसते. रिकामी वाट पडद्यावर लांबट वाटते, म्हणून सवयीने कापते मी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, मूळ शूटिंगमध्ये काका असतील. रविवारी या घरी. सगळं लावते."

रविवारी आम्ही गेलो. मी, मित्र, मानपाड्याची बाई आणि अजून दोघं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बस मुंगीसारखी सरकत होती, आणि मला मात्र कोणाच्या लग्नाला निघाल्यासारखी घाई झाली होती. तिच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात मोठा टीव्ही होता. मी खिडकीकडे पाठ करून बसले.

खरंच, हे होते. पठारावरून रांग गेली, वाट रिकामी झाली, आणि मग लांबून हे आले. डोक्यावर ती मळकी टोपी, डावा खांदा जरा खाली. हात फार हलवायचेच नाहीत. दोन-तीन शॉट असे झाले आणि मी रडले, पण ते बरं वाटणारं रडणं होतं. मित्र म्हणाला, "वहिनी, बघा, कशी लय आहे." मला लय कळत नव्हती. मला हे दिसत होते.

मग भीमाशंकरच्या अलीकडचा शॉट आला. मुलीने आधी सांगितलं, "इथे मी कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून स्वतः रांगेत चाललेले. काकांना म्हटलेलं, शेवटी येताना बंद करून घेऊन या." रांग चढावरून वर गेली. वाट रिकामी झाली. हे आले, आणि अर्ध्यात थांबले. वर बघितलं, रांग गेली तिकडे. कोणी बघत नाही याची खात्री केली आणि दगडावर बसले. शर्टाचं वरचं बटण काढलं. उजव्या हाताने डावा दंड दाबून धरला आणि मान खाली घातली. बराच वेळ तसेच बसून राहिले. कॅमेरा समोर उभा आहे हे त्यांच्या लक्षात होतं की नाही, कोण जाणे. एकदाही त्यांनी मान वर करून झाडाकडे बघितलं नाही.

ही माणसं इतर लोक चेहरा बघतात तसे पाय बघतात. त्यांना कळायला वेळ लागला नाही. मित्र म्हणाला, "पुन्हा लाव." तिने लावलं. मानपाड्याच्या बाईने तोंडावर पदर धरला.

"आम्ही वर डबे घेऊन थांबलेलो," मित्र म्हणाला. "ओरडत होतो, अरे ये लवकर, जीव गेला भुकेने. आला तर हसत आला. म्हणाला, शेकरू दिसलं. मी उलट चिडलो, म्हटलं, हाक मारायचीस ना, आम्हीपण बघितलं असतं." मग म्हणाला, "वहिनी, तीस वर्षांत मी मागे वळून बघितलं नाही. मागे तो होता ना, मग बघायचं कशाला?"

मी त्याची समजूत घातली नाही. माझ्याकडे तेवढं शिल्लक नव्हतं. मला ह्यांचाच राग आला होता. तीस वर्षं दुसऱ्यांचे पाय बांधणारा माणूस. दुसरा कोणी असा बसला असता तर ह्यांनी त्याची सॅक काढून घेतली असती, झोळी करून खाली नेलं असतं. स्वतःची पाळी आली तर शेकरू. त्यांना सांगितलं ते सांगितलं, मलाही तेच. जानेवारी ते मे, मध्ये सबंध चार महिने होते. एका वाक्याचं काम होतं. डोंगरात जे होतं ते डोंगरात ठेवावं म्हणे. ठेवलं, आणि मला इथे डोंबिवलीत ठेवलं.

जाताना मुलीने विचारलं, हा शॉट फिल्ममध्ये घालू का. मित्र म्हणाला, नको, त्याला असं बसलेलं लोकांना दाखवू नकोस. मानपाड्याची बाई म्हणाली, घालायचाच, आणि अख्खा. दोघांची वादावादी झाली आणि शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, फिल्म तुमची आहे, तुमचं तुम्ही ठरवा. बासरी लावू नका आणि तेवढा तुकडा मला द्या.

आता तो शॉट फिल्ममध्ये आहे म्हणतात, अख्खा. नवखे लोक तेवढ्यात मोबाइल काढतात आणि ट्रेकर मंडळी श्वास रोखून बसतात, असं मित्राने सांगितलं. आता फिल्म संपल्यावर नाणेघाटाच्या उन्हाबद्दल कोणी विचारत नाही. मी पुन्हा कुठल्या शोला गेले नाही. शेकरूची गोष्टही कोणाला सांगत नाही.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावता येतो मला. दुपारी कामं आटोपली की लावते. पण बसलेले हे मी बघत नाही, पुढे सरकवते. रुमालाने तोंड पुसून, बटण लावून, टोपी सारखी करून हे उठतात, तिथपासून सुरू करते. उठल्यावर सरळ कॅमेऱ्याकडे येतात, अगदी जवळ, आणि हात पुढे करून बंद करतात. मी परत मागे घेते, पण उठण्याच्या मागे जाऊ देत नाही. तिथून पुढे हे छान चालतात. तेवढंच बघणाऱ्याला कोणाला वाटणार नाही की या माणसाला काही झालेलं होतं.