कोचीनला लागलेली बोट

आमच्या घरातलं एक खोटं कॉलेजने कर्ण्यावरून साऱ्या गावाला ऐकवलं. ते खोटं मीच आईला सांगत होते, कबूल. पण ते कशासाठी सांगते हे सरांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी जे केलं, त्याला मी केसाने गळा कापणं म्हणते. याहून सभ्य शब्द असेल तर असो, मला तो शोधायचा नाही.

माझा मोठा भाऊ बोटीवर आहे. मासेमारीच्या नव्हे, मालाच्या मोठ्या जहाजावर, पण आम्ही त्यालाही बोटच म्हणतो. पहिल्यांदा निघाला तेव्हा आगरदांड्याच्या फेरीबोटीत चढायच्या आधी आईने त्याचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता. "लडाईच्या पाण्यात जायचं न्हाय. घे शपथ." टीव्हीवर तिने जहाजं जळताना बघितली होती. त्याने शपथ घेतली, पण त्याच्या कंपनीने थोडीच घेतली होती! त्यांनी बोट नेली ती नेमकी आखातात, आणि तिकडे भडका उडाल्यावर तिथेच नांगरून ठेवली. पुढे जाता येईना की मागे फिरता येईना.

मग एका सकाळी त्याचा व्हॉइस मेसेज आला. "बाय, रात्री आभाळात लाल ठिपके फिरतात. काल शेजारच्या बोटीवर एक ड्रोन पडलं. आम्ही सगळे खाली इंजिनापाशी झोपतो. भीती वाटते गं. आईला सांगू नको, तिला वाटेल मी शपथ मोडली. कोचीनला दुरुस्तीला लागलोय म्हणून सांग."

मी सांगितलं. आई एवढी खूश झाली की विचारू नका. कोचीन म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच किनाऱ्याला. खळ्यावर जवळा वाळवताना ती बायकांना सांगायची, "माजा पोर कोचीनला हाय, तिथं नारळ लय सोस्त." नारळाचं तिला कुणी सांगितलं देव जाणे!

मला मात्र जेवण जाईना. कुणाला विचारायचं? आमचे राज्यशास्त्राचे सर म्हसळ्याहून यायचे, फार जीव लावून शिकवायचे. नकाशावर बोट ठेवून ते अशी लढाई समजावायचे की वाटायचं, या माणसाला आतलं ठाऊक आहे. तास संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि मेसेज ऐकवला. "सर, हे थांबेल ना?" त्यांचे डोळे भरून आले, अगदी खरे. म्हणाले, "मला पाठव, मी नीट ऐकतो. तुझ्या आईचं कळलं मला. कुणापुढे काढणार नाही, विश्वास ठेव." मी ठेवला. त्या वेळी त्या एवढ्याशा बोलण्याने मला किती बरं वाटलं होतं, ते आठवलं की आज जास्तच चीड येते.

त्याच महिन्यात कॉलेजने 'युद्ध, शांतता आणि जागतिक सुरक्षा' या विषयावर खुली चर्चा ठेवली. कॉलेजचा हॉल अपुरा, म्हणून बंदराजवळच्या समाजमंदिरात. आता आमच्या गावची एक रीत आहे. हळद असो, कीर्तन असो की क्रिकेटची मॅच असो, मंडपवाला एक कर्णा खळ्याकडे तोंड करून बांधतोच. वाळत घातलेला जवळा सोडून बायकांना उठता येत नाही, कावळे टपलेले असतात. म्हणून कार्यक्रमच त्यांच्याकडे पाठवायचा. जागतिक सुरक्षाही तशीच खळ्यावर गेली.

मुंबईहून आलेले पाहुणे बोलायला उठले आणि सगळ्यांना जांभया येऊ लागल्या. सामरिक समतोल काय, बहुध्रुवीय व्यवस्था काय, डोंबल काय! मागच्या रांगा उठून चहाला निघाल्या. सरांचा चेहरा उतरला. कार्यक्रम त्यांचा, प्राचार्य पुढ्यात बसलेले. मग त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "मित्रहो, आता युद्धाचा खरा आवाज ऐका." खिशातून फोन काढून त्यांनी माईकला लावला.

"बाय, रात्री आभाळात लाल ठिपके फिरतात..."

मी उठून ओरडले, "सर, बंद करा!" माझ्या मैत्रिणीला वाटलं मला चक्कर आली, तिने मला धरून खाली बसवलं. माझा भाऊ शेवटपर्यंत बोलला. आईला सांगू नको, तेही बोलला. आणि मग टाळ्या. टाळ्यांचा नुसता पाऊस!

टाळ्या चालू असतानाच दारात आई दिसली. पदर डोक्याला गुंडाळलेला, हातांना जवळा चिकटलेला. जन्मात कधी जवळा उघडा टाकून न उठलेली बाई धावत आली होती. तिने शब्द ऐकलेच नव्हते, आवाज तेवढा ऐकला होता. खुर्च्यांवरची एकेक मान बघत ती पुढे आली, तोंडभर हसत. टाळ्या वाजतायत म्हणजे तो आलाय, असं तिला वाटलं.

मी रांगेतून वाट काढत होते, पण सर आधी पोचले. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असणार. "या त्या मुलाच्या माउली!" ते माईकवर म्हणाले. पाहुण्यांसाठी आणलेल्यातली एक शाल शिल्लक होती. ती तिच्या खांद्यावर पडली, हातात नारळ आला, फोटोसाठी तिला वळवून उभं केलं. पुन्हा टाळ्या. आई शाल सावरत त्या पाहुण्यांना विचारत होती, "पण तो कुटं हाय?" माईक तिच्या तोंडाशीच होता. खळ्यावरच्या बायकांनीही ते ऐकलं.

आम्ही घरी आलो. ओट्यावर बसल्यावर म्हणाली, "कोचीनला न्हाय ना तो?" मी नाही अशी मान हलवली. मग तिने मला सगळा मेसेज लावायला लावला आणि पदराने डोळे न पुसता ऐकला. जवळा तोवर कावळ्यांनी विस्कटला होता, ती तिकडे फिरकलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नारळी पुनव नसतानाही तिने तो नारळ समुद्राला दिला. शाल माझ्या हातात देत म्हणाली, "ज्याची त्याला देऊन ये." मी शाल सरांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "अगं, लोक रडले! विषय काळजाला भिडला. शांततेसाठी कुणीतरी बोलायलाच हवं ना?" मी म्हटलं, "मग तुम्ही तुमचं बोलायचं होतं, सर. माझ्या भावाची भीती तुम्हाला ऐकायला दिली होती, वाजवायला नाही." त्यांना राग आला. भावनेच्या भरात बोलतेस, म्हणाले. त्यानंतर त्यांच्या तासाला मी बसले नाही. हजेरी कापली, कापू दे.

त्या आठवड्यात भावाचा फोन आला. मी त्याला काही सांगायच्या आत आईने फोन ओढून घेतला आणि स्पीकरवर टाकला. "काय रं, कोचीनला गरम होतं का?" आवाज अगदी नेहमीचा. तो तिकडून म्हणाला, "होतं गं थोडं. पण मजेत आहे." "नारळपाणी पी," आई म्हणाली. "बोट नीट होऊ दे, घाई करू नको." दोघं हसले. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले.

फोन ठेवल्यावर मी तिचा हात धरायला गेले. तिने तो हळूच सोडवून घेतला. "त्याला कळू देऊ नको मला म्हाईत हाय ते," ती म्हणाली. "आनि तू आता मला काय सांगत नको जाऊस. तू खरं सांगितलंस तरी मला ते कोचीनच वाटंल."