कुळथाचं पाणी

हे मी कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, देवाले नाही. तुमी अनोळखी आहा म्हणून जीभ उचलून राहिली — नाहीतर आजही गिळूनच बसलो असतो.

मी एसटीचा डायव्हर होतो. अंजनगाव–अकोला गाडी, अन् कंडक्टर सुधाकर. गाडी रिव्हर्स घेताना तो मागं उभा राहून शिटी वाजवे, अन् मी त्या शिटीवर बिनधास्त गाडी मागं घेई. त्याची शिटी कधी खोटी निघाली नाही.

रिटायर झाल्यावर मले प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. जहाल जातीचा. लाज वाटली हो — कावून? जागाच तशी! मिशीवाला माणूस मी, चौकात काय सांगू? पोराले शपथ घातली, अन् बायकोसकट साऱ्या गावाले सांगितलं — मुतखडा आहे, अकोल्याले मशीननं फोडून राहिले.

अन् ती मशीन, खरं त किरणांची! काय सांगू बाप्पा — गाठ नेमकी कुठं आहे ते एमआरआयमधी आधीच पाहून ठेवलेलं. साऱ्या ग्रंथीले किरणं, पण गाठीवर जादा जोराचा डोस, बाजूचं आतडं सांभाळून. त्यासाठी पाणी पिऊन लघवी दाबून धरा लागे. सारी जिंदगी अंजनगाव ते अकोला दाबून बसलेला माणूस मी! तिथल्या पोरी म्हणत, "काका, तुमच्यासारखा पेशंट नाही." लय अभिमान वाटे. आज रिपोर्ट चांगले आहेत. त्या डॉक्टरांचे, त्या पोरींचे पाय धरावे वाटतात.

मग खोटं नडलं कुठं?

सुधाकर एक दिवस पानठेल्यावर भेटला. आजूबाजूले कोणी नव्हतं. "भाऊ, मलेही रात्री घडीघडी उठा लागते. धारही बारीक झाली. तुमाले असंच होत होतं ना? दवाखान्यात जाऊ का?"

सरळ विचारलं होतं त्यानं. "जा" म्हणलं असतं तरी पुरे होतं. अन् मी — हा तपासायले गेला त माझंही उघडं पडन, एवढंच डोक्यात आलं. म्हणलं, "खडाच असन. कुळथाचं पाणी पे. दवाखान्यात उगाच कापाकापी करतात."

तो प्याला. महिनोन्‌महिने, इमानदारीनं. कंबर धरली तेव्हा त्याच्या पोरीनं जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. कॅन्सर हाडात उतरलेला. माझ्यासारखा किरणांचा नेमका मारा करून बरं करायची वेळ गेली, डॉक्टर म्हणाले. आता गोळ्या-इंजेक्शनांवर रोखून धरून आहेत.

अन् हा माणूस लाजला का? अजिबात नाही! डेपोत जाऊन साऱ्या डायव्हर-कंडक्टरांपुढं सांगते, "मले प्रोस्टेटचा कॅन्सर हाये. लघवीचा तरास असन त लाजू नका, तपासून घ्या." त्याचं ऐकून एक मेकॅनिक वेळेवर गेला, वाचला. बाप रे, काय छाती! मिशी माझी मोठी, पण मर्द तो.

कालच घरी आला, काठी टेकत. हातात पिशवी. "भाऊ, घरच्या वावरातला कुळीथ हाये. तुमचा खडा परत उठाले नको. पाणी पेत राहा."

मी पिशवी घेतली. "बरं" म्हणलो.