शेजारणीचा तानपुरा

मुलांनो, तुम्ही पाठवलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा भजनात कसा वाजतो, असं परवा फोनवर विचारलंत, म्हणून खरं लिहिते. तो वाजत नाही. ब्रह्मपुरीच्या आमच्या भजनी मंडळात अजून शेजारणीचाच जुन्या तानपुऱ्याचा डबा चालतो, चिकटपट्टीने बांधलेला, कुरूप. त्याच्या बटणाभोवती तिने प्रत्येकीच्या गाण्याच्या पट्टीवर वेगळ्या रंगाची टिकली चिकटवली आहे. गाणं न थांबवता ती बटण फिरवते.

तुम्ही पाठवलेल्याच्या गुळगुळीत काचेवर मला चष्म्याशिवाय सूरच सापडत नाही.

"बाई, इतका गोजिरा काऊन आणता जी इथी? शोकेसात ठेवा न," मी तो भजनात नेला तेव्हा ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मी जळले.

काल तिने आपल्या कपाळावरची टिकली काढून तिच्या डब्यावर माझ्या पट्टीवर लावली; तेवढीच जागा रिकामी होती. "घ्या, तुमची जागा."

मी गायले. चांगलं गायले. जळणं मात्र अजून तसंच आहे.