धाकटी कुणी दाबलीच नाही

यशवंत सखाराम तांबे, वय एकाहत्तर, राहणार बीडीडी चाळ, वरळी, यांच्यावर दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी अन्याय झाला. एका सरकारी रजिस्टरमध्ये, निळ्या शाईने, एका शब्दात. शब्द होता ‘बंद’. त्यानंतर अठराव्या दिवशी तांबेकाका गेले. दादरला फुलबाजाराच्या तोंडाशी मी पत्रकं वाटत उभी होते, तेव्हा त्यांच्या सुनेचा, सुजाताताईचा फोन आला. “बाबा गेले गं... चहा मागितला, मी आत वळले, आणि...” एवढंच बोलली. माझ्या हातात पन्नासेक पत्रकं उरली होती. ती मी तिथेच वाटून संपवली आणि मग निघाले. असं का केलं, ते मला अजून सांगता येत नाही. रजिस्टरमुळे माणूस मेला असं मी इथे लिहिणार नाही. छातीचं दुखणं त्यांना जुनंच होतं. पत्रक असतं तर लिहिलं असतं.

काका तरुणपणी गिरणीत वायरमनच्या हाताखाली होते. गिरणी गेली, मग लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात, मागच्या खोलीत बसून त्यांनी वीस-बावीस वर्षं कॉम्प्युटर जोडले. दुकान सुटलं तरी हात सुटला नाही. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर अभ्यासिका आहे... होती. तिथे एका बंद पडलेल्या ऑफिसने टाकून दिलेले चार कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर त्यांनी उघडून, पुसून, नव्याने जोडून उभे केले. शिष्यवृत्तीचे अर्ज, पोलीस भरतीचे अर्ज, जातपडताळणी, परीक्षेची प्रवेशपत्रं... दोन-तीन वर्षांत चाळीतली कितीतरी पोरं त्या चार डब्यांसमोर बसून पुढे गेली. कुणी कौतुक केलं की चाळीतले म्हणायचे, “आडनावातच तांबं आहे, वायर ऐकणार नाही तर काय करणार?” काका म्हणायचे, “वायर ऐकते. माणसं ऐकत नाहीत.” आणि माझ्याकडे बघायचे. मला ते ‘पुढारीणबाई’ म्हणत.

त्या डब्यांच्या पोटात सगळ्यात कटकटीचं काम कुठलं, तर पुढच्या बटणांच्या आणि दिव्यांच्या बारीक वायरी. चार-पाच वायरींच्या जोड्या, टोकाला तांदळाएवढी टोपी, त्यावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. आतल्या मोठ्या पाटीच्या, म्हणजे मदरबोर्डच्या, कोपऱ्यात दोन ओळींत नऊ काड्या, दहावीची जागा मोकळी. कुठली टोपी कुठल्या काड्यांवर, हे ज्या पुस्तिकेत छापलेलं असतं ती पुस्तिका जुन्या मशीनसोबत कधीच येत नाही. काका एका डोळ्याला भिंग लावायचे, सुजाताताईचा भुवयांचा चिमटा घ्यायचे आणि श्वास रोखून एकेक टोपी बसवायचे. आधी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन काड्यांना हलकेच टेकवायचे. पंखा घरघरला की समजायचं, चालू करायची जागा हीच. “बटण म्हणजे तरी काय गं? दोन वायरींची गाठ घालून देतं, बस. त्याला उलटसुलट नसतं, कसंही लाव. दिव्याला असतं. दिवा उलटा लावलास तर मशीन चालतं, फक्त बाहेरून कळत नाही.” हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. मी निदान दहा वेळा फोनमध्ये बघत ‘हो काका’ म्हटलं असेल.

आता अन्याय समजून घ्यायचा तर एवढं नीट वाचा. डब्याला पुढे दोन बटणं असतात. मोठ्याने मशीन चालू होतं, लहानाने बंद न करता पुन्हा सुरू होतं. त्या ऑफिसात माणसांनी वर्षानुवर्षं अंगठे दाबून चारही डब्यांची मोठी बटणं खिळखिळी केली होती. लहान बटणांना मात्र कुणी हात लावला नव्हता, ती नवीकोरी. म्हणून काकांनी मोठ्या बटणाची टोपी काढून टाकली आणि लहान बटणाची टोपी चालू करायच्या काड्यांवर बसवली. झालं. मशीन लहान बटणाने सुरू. अभ्यासिकेत त्या बटणांना थोरली आणि धाकटी म्हणायचे. नवीन पोरगी येऊन थोरली दाबत बसली की मागून कुणीतरी ओरडायचं, “ए, थोरली रुसलीय. धाकटीला विचार!” सगळ्या चाळीला माहीत. त्यामुळे त्यावर चिठ्ठी लावावी असं कुणालाच सुचलं नाही. त्या खोलीच्या भिंतीवर माझी अकरा पत्रकं चिकटवलेली होती. चार डब्यांवर दोन शब्दांची चिठ्ठी नव्हती.

त्या मंगळवारी पुनर्विकासाच्या कामासाठी पाहणी करायला साहेब आले. कुठल्या कार्यालयाचे, ते या पुरवणीत छापायचं नाही असं ठरलंय. ठीक. नियम असा सांगितला होता की, अभ्यासिका चालू दिसली तर नव्या इमारतीत तिला खोली. बंद दिसली तर नाही. साहेबांनी पहिल्या डब्याची थोरली दाबली. काही नाही. दुसऱ्याची, तिसऱ्याची, चौथ्याची. काही नाही. काका खुर्चीतून अर्धे उठले. “साहेब, धाकटी...” साहेब म्हणाले, “कोण धाकटी? घरातलं घरी बोला, काका.” आणि याच वेळी मी, चळवळीत सहा वर्षं घालवलेली मी, दारात उभी राहून गळा ताणून ओरडत होते, “आधी जीआर दाखवा! लेखी सूचना कुठेय?” काका पुन्हा म्हणाले, “धाकटी दाबा, साहेब.” मी त्यांच्यावर आवाज चढवला, “काका, तुम्ही थांबा जरा, मी बोलतेय ना!” ते थांबले. साहेबांनी लिहिलं: चार संगणक, बंद. अभ्यासिका, बंद. जाता जाता विचारलं, “बंद डबे दाखवून पोरांना बसवत होतात का इथे?” पस्तीस-चाळीस माणसांसमोर. काका खाली बसले आणि उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यावर चोळत राहिले...

दुसऱ्या दिवशी निवेदन लिहायला मी त्यांच्या खोलीवर गेले. ते म्हणाले, “लांबण नको लावू. एकच ओळ लिही. लहान बटण दाबून पाहावे, ही विनंती.” मी म्हटलं, “काका, विनंती कसली? मागणी करायची!” मग मी तीन पानं लिहिली. घटना, हक्क, गिरणगावचा इतिहास, सगळं घातलं. त्यांची ओळ घातली नाही. किरकोळ वाटली. उत्तर आलं तोवर खोली रिकामी करताना चारही डबे भंगारात गेले होते. उत्तरात लिहिलं होतं की, संगणक चालू असल्याचा कोणताही दावा अर्जदाराने केलेला नाही. हे खरं आहे. मी केला नव्हता. ते पत्र मी काकांना वाचून दाखवलं. शिवी घातली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “तीन पानांत बटणाला जागा नाही मिळाली होय गं, पुढारीणबाई?” आणि हसले. त्यानंतर चौथ्या दिवशी सुजाताताईचा फोन.

लोक मला सांगतात, त्यांच्या नावाने शोकसभा घे, मेणबत्त्या लाव, फोटो मोठा करून लाव. मला एका जागी बसवत नाही आणि हे लोक मला सभेत बसायला सांगतात. मला त्या रजिस्टरमधला शब्द खोडून हवाय. मी पुन्हा अर्ज केला, आणि येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता फेरसुनावणी आहे. दाबून दाखवायला बटण आता उरलेलं नाही. पण अभ्यासिका चालू होती याचा पुरावा आहे, आणि तो तुमच्या घरात आहे. तुम्ही बीडीडीतून कुठल्याही संक्रमण शिबिरात, भाड्याच्या खोलीत, बदलापूरला, कुठेही गेला असाल, पण तुम्ही किंवा तुमच्या पोराने आमच्या अभ्यासिकेत बसून एखादा अर्ज भरून छापून घेतला असेल, तर त्या कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली असते. पाहणीच्या आदल्याच संध्याकाळी एका मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज छापून नेला. दोन वेण्या, निळं दप्तर, नाव मी विचारलं नव्हतं. बाई, तू हे वाचत असशील तर तू सगळ्यात आधी ये. बाकीच्यांनी कागदाच्या मागे लिहा: ‘हा अर्ज मी बीडीडीच्या अभ्यासिकेत, यशवंत तांबे यांनी जोडलेल्या कॉम्प्युटरवर भरला.’ खाली सही करा. झेरॉक्स नको, मूळ कागद घेऊन सोमवारी दहापर्यंत स्वतः चाळीच्या फाटकाशी या, तिथून एकत्र जाऊ. हळहळ नंतर करा. आता ही पुरवणी बाजूला ठेवा, उठा, आणि कागदपत्रांची पिशवी काढा.