राजपाल सरांचा साचा

राजपाल सर वाईट मास्तर आहेत असं कुणी म्हणालं तर मी त्याला तिथल्या तिथं गप करीन. सव्वीस वर्षं झाली, मी त्यांच्या शेजारच्या वर्गात गणित शिकवते. मधली भिंत इतकी पातळ की त्यांचं इंग्रजी माझ्या समीकरणात घुसतं आणि माझं ओरडणं त्यांच्या धड्यात. तेव्हा त्या माणसाची बाजू मी नाही घ्यायची तर कुणी घ्यायची? पण त्यांनी बाबूच्या पोरीचं जे केलं ते माझ्या घशाखाली उतरत नाही. त्यांच्याही उतरत नाही, हेही मला माहीत आहे.

सर तेर गावचे. स्वतः दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलेले. तिसऱ्यांदा सुटले आणि खुन्नस म्हणून बी.ए.ला इंग्रजीच घेतलं. कळंबच्या अलीकडं आमची शाळा आहे, तिथं लागले तेव्हा अंगात नुसती रग होती. वर्गात गाइड दिसलं की जप्त. रोज पहिली दहा मिनिटं पोरांनी सकाळपासून काय काय केलं ते इंग्रजीत लिहायचं, चुकलं तर चुकलं. एकदा कुणीतरी विचारलं, "सर, भाकरीला इंग्रजीत काय म्हणायचं?" भिंतीपलीकडून मला उत्तर ऐकू आलं, "भाकरच म्हणायचं. इंग्रजाला भाकर कळत नसंल तर बसू दे उपाशी." माझा अख्खा वर्ग हसला. मीही खडू हातात धरून हसत राहिले.

बाबू म्हणजे कळंबच्या मोंढ्यातला, धान्याच्या बाजारातला हमाल. तुरीची, सोयाबीनची पोती पाठीवर घ्यायची आणि ट्रकात टाकायची, हेच आयुष्यभर. बायको लवकर गेली, एकच लेक, संघप्रिया. तिला आठवीत घालायला आला तेव्हा मी ऑफिसात बसले होते. टोपी काढून हातात धरली आणि राजपाल सरांना म्हणाला, "जय भीम, मास्तर. पोरगी पास व्हईल, त्याचा घोर न्हाय मला. तिच्या मनातलं तिला इंग्रजीत लिहिता आलं पायजे, एवढं करा."

सरांनी विचारलं, "इंग्रजीतच का?"

"दवाखान्यात जावा, हापिसात जावा, माझं गाऱ्हाणं दुसराच कुणीतरी लिहितो. त्यात काय लिहिलंय ते मला वाचता येत न्हाय. म्या नुसता अंगठा उठवतो. तिचं तिनं लिहावं."

"शब्द देतो, बाबूदादा," सर म्हणाले. मी साक्षीला होते. म्हणून तर एवढं बोलतेय.

आणि सरांनी सुरुवातीला शब्द पाळलाही. संघप्रिया नववीत असताना त्यांनी वर्गाला निबंध दिला, 'माझे वडील'. बाकीच्यांनी कुठूनतरी उतरवून आणलं, माय फादर इज माय हिरो वगैरे. सगळ्यांचे बाप सकाळी पाचला उठत होते आणि सगळ्यांचे बाप वर्तमानपत्र वाचत होते. संघप्रियानं लिहिलं होतं, "माय फादर स्मेल तूर. ही स्लीप ऑन स्टमक. बॅक इज हॉट. आय पुट वॉटर हँड ऑन बॅक. ही से, थांब." बस्स, एवढंच. व्याकरण बघाल तर एकाही वाक्याला लाल रेघ चुकत नाही. पण दिवसभर पोती वाहून बापाची पाठ तापलेली, तो पालथा झोपलाय आणि पोरगी ओला हात त्याच्या पाठीवर ठेवतेय, हे त्या तोडक्या इंग्रजीत जसंच्या तसं उभं होतं. सर ती वही घेऊन स्टाफरूममध्ये अक्षरशः पळत आले. पाचपैकी पाच दिले होते. मी गणिताची बाई, मला सहसा रडू येत नाही. त्या दिवशी आलं.

त्याच उन्हाळ्यात सरांना दहावीचे पेपर तपासायला बोलावलं. पहिल्यांदाच. गेले तेव्हा मोठ्या हौसेनं नवीन लाल पेन घेऊन गेले. आठ दिवसांनी परत आले ते तोंड शिवल्यासारखे. दोन दिवस मी काही विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं.

एका पोराचा निबंध होता. त्यानं लिहिलं होतं की आमची शेळी मेली, त्या दिवशी आईनं स्वयंपाक केला नाही. सरांनी चार मार्क दिले. वरती मॉडरेटर म्हणून कुणी गृहस्थ बसले होते, तपासलेले पेपर पुन्हा बघायला. त्यांनी चाराचा एक केला. सर भांडले. तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुम्ही वाचता कशाला? वाचू नका, बघा. शीर्षक आहे का? तीन परिच्छेद आहेत का? शेवट आहे का? पोरगं काय म्हणतंय याला आपल्याकडं रकाना नाही." पुढचा पेपर उघडला, तर गाइडातला निबंध. तोच निबंध सरांनी सकाळपासून एकोणीस वेळा बघितला होता. त्याला पाचपैकी पाच.

"मॅडम," सर मला म्हणाले, "माझी पोरं मी माझ्या हातानं खड्ड्यात घालतोय."

मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "मग काढा की बाहेर." तेव्हा माझीही जीभ झडली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि सरांनी साचा केला. साचा हा शब्द त्यांचाच, पोरांनी उचलला. फळ्यावर सहा वाक्यं. प्रत्येकात एक रिकामी जागा, तिच्यात विषयाचं नाव टाकायचं की निबंध तयार. 'अमुक इज व्हेरी इम्पॉर्टंट इन अवर लाइफ.' 'एव्हरीबडी शुड नो अबाउट अमुक.' मग 'इट हॅज मेनी अ‍ॅडव्हांटेजेस अँड सम डिसअ‍ॅडव्हांटेजेस.' अशी पाच, आणि शेवटी हुकमी वाक्य, 'अमुक इज द नीड ऑफ द अवर.' म्हणजे अमुक ही काळाची गरज आहे. झाड असो, मोबाइल असो, सहल असो, क्रिकेट असो, सगळी काळाची गरज. पण अर्थबिर्थ सांगायला वेळ कुठं होता? सर म्हणायचे, "शेवटी हे टाका, मार्क पडतो." भिंतीपलीकडून सत्तर पोरं एका सुरात ओरडायची, नीड ऑफ द अवर! माझ्या वर्गातल्या पोरांनाही पाठ झालं. मलाही झालं.

संघप्रिया तेवढी अडून बसली. मधल्या सुट्टीत सरांपाशी आली, म्हणाली, "सर, मला साच्यात लिहायचं न्हाय. माझं मी लिहिते."

"तुझं तू लिहिलंस तर एक मार्क पडंल."

"पडू द्या."

"पडू द्या काय? तुझ्या बापाला काय सांगू मी?"

"बाबांनी तर तेच सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. चौदा-पंधरा वर्षांची पोर, पण बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं.

सर चिडले. तिच्यावर चिडलेलं मी पहिल्यांदा बघितलं. "परीक्षा झाल्यावर लिही तुला काय लिहायचं ते! मी बसतो तुझ्यासोबत. आता गपचूप पाठ कर!" तिनं पाठ केलं. हुशारच ती, दोन दिवसात केलं. परीक्षा झाली, निकाल लागला, इंग्रजीत एक्याऐंशी. शाळेचा निकाल शंभर टक्के. एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला, त्यावर सरांचा फोटो. आजूबाजूच्या गावातले मास्तर साचा उतरवून घेऊन गेले. आणि परीक्षा झाल्यावर तिच्यासोबत बसायचं ते राहूनच गेलं. तिनं आठवण करून दिली नाही, यांनी विषय काढला नाही.

पुढं ती शिकली, पुण्यात एका कंपनीत लागली. माल कुठं गेला, कधी पोचला, याच्या नोंदी संगणकावर करायच्या. नोंदी म्हणजे रकाने भरायचे, त्यात तिचा हात कोण धरणार? बाबू मला एकदा कळंबच्या स्टँडवर भेटला. हसणं तोंडात मावत नव्हतं. "मॅडम, पोरगी इंग्रजीत काम करती. मास्तरनं शब्द पाळला बगा." हे मी सरांना येऊन सांगितलं. सर कप उचलून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.

यंदा फेब्रुवारीत बाबू गेला. सकाळी मोंढ्यात दोन पोती टाकली, जरा बसतो म्हणाला आणि बसल्या जागी मान टाकली. संघप्रियाला फोन गेला तशी ती अंगावरच्या कपड्यानिशी निघाली आणि मिळाली ती एसटी धरली. कंपनीला कळवायचं तर मेल करायचा, तोही इंग्रजीत, असा तिथला नियम. गाडीत बसून तिनं मोबाइलवर मेल लिहिला.

बाबूच्या जलदान विधीला आम्ही दोघं गेलो होतो. वंदना झाली, लोक जेवायला बसले. संघप्रिया भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला बघून उठली, "या मॅडम, या सर" म्हणाली, पाणी दिलं. मग सरांसमोर बसली आणि मोबाइल पुढं केला.

"सर, एवढं वाचा."

सरांनी चष्मा लावला. मी शेजारी होते, मलाही दिसलं. वर शीर्षक होतं, 'माय फादर्स डेथ'. खाली तीन परिच्छेद, नीट जागा सोडून. 'माय फादर्स डेथ इज व्हेरी इम्पॉर्टंट इन अवर लाइफ. एव्हरीबडी शुड नो अबाउट माय फादर्स डेथ.' आणि सगळ्यात शेवटी, 'माय फादर्स डेथ इज द नीड ऑफ द अवर.'

माझ्या वडिलांचा मृत्यू ही काळाची गरज आहे.

खाली साहेबाचं उत्तर होतं, एकाच ओळीचं. ही काय चेष्टा आहे का? मग तिनं बोट फिरवून कुणी मैत्रिणीनं पाठवलेला फोटो उघडला. ऑफिसच्या ग्रुपवर तिचा मेल फिरत होता आणि त्याखाली डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागली होती.

"मला वाटलं, अवर म्हणजे तास," संघप्रिया म्हणाली. आवाज अगदी साधा होता, तोच मला सहन होईना. "या तासाला निघायची गरज आहे, असं काहीतरी असंल. तुम्ही अर्थ कधी सांगितला न्हाय आन् म्या कधी विचारला न्हाय. रोज नुसते रकाने भरते. स्वतःच्या मनानं इंग्रजी लिहायची पाळी आठ वर्षात पहिल्यांदा आली. डोकं चालत नव्हतं, सर. हात आपोआप तिकडं गेला."

सर मोबाइलकडं बघत होते. अंगठा काचेवर तसाच.

"फायदे-तोट्याचं वाक्य तेवढं म्या गाळलं. तेवढं कळत होतं." मग ती थोडी पुढं सरकली. "सांगा ना सर. पाचपैकी किती?"

"संघप्रिया..."

"न्हाय, सांगा. शीर्षक हाय. तीन परिच्छेद हायत. शेवट हाय. गाळलं त्याचा अर्धा कापा पायजे तर. किती?"

 पंगतीतून कुणीतरी वरण मागत होतं. शेवटी सर म्हणाले, "साडेचार."

ती हसली नाही, रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मोबाइल घेतला, म्हणाली, "मी परत जाणार न्हाय तिकडं," आणि वाढायला उठली. कोपऱ्यात बाबूचा फोटो ठेवला होता, मोंढ्यातल्या कुणीतरी मोबाइलवर काढलेला, खांद्यावर पोत्याचं फडकं. तुरीच्या वासाचा माणूस. नववीतली ती पाच तोडकी वाक्यं मला अजून पाठ आहेत, आणि त्यातलं एक जरी तिनं त्या साहेबाला पाठवलं असतं तरी कुणाची हसायची छाती झाली नसती. ती वाक्यं आम्हीच तिच्या हातातून काढून घेतली. सरांनी काढली, आणि मी 'काढा की बाहेर' म्हणून बाजूला झाले.  

दुसऱ्या दिवशी पहिला तास. दहावीची परीक्षा बारा दिवसांवर आलेली. मी वर्गात गेले, पण गणित सुरू केलं नाही, कान भिंतीला. मला वाटत होतं, आज हा माणूस फळा पुसणार. पुसावा असं फार वाटत होतं. आणि पुसला तर सत्तर पोरांचं काय, हेही मनात येत होतं, लाज वाटते सांगायला.

खडूचा आवाज आला. एक वाक्य, दुसरं, तिसरं. सहाही. मग सरांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"लिहून घ्या. हे फक्त परीक्षेत लिहायचं. घरचं माणूस गेल्यावर हे लिहायचं नाही."

पोरं हसली. सर गंमत करतायत असं वाटलं त्यांना. मग एका पोरीनं विचारलं, "सर, हे पण पाठ करायचं का?"

"हो," सर म्हणाले. "हे आधी करा."

आणि भिंतीपलीकडं सत्तर पोरं माना खाली घालून ते वाक्यही वहीत उतरवून घ्यायला लागली, सातवं म्हणून.