उशीतलं मृत्युपत्र

बाबांचा कपाटावर कधीच विश्वास नव्हता. पर्वत पाटियाजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात महत्त्वाचा कागद म्हटला की तो त्यांच्या उशीच्या अभ्र्यात. रेशनकार्ड तिथे, लाइटबिल तिथे, आणि शेवटच्या वर्षी मृत्युपत्रही तिथेच. ते त्यांनी आम्हा बहीणभावाला दोनदा वाचून दाखवलं होतं: घर दोघांचं, पण पुढची खोली फुई जिवंत असेपर्यंत तिची.

फुई म्हणजे बाबांची विधवा बहीण. आई गेली तेव्हा ती धुळ्याकडच्या गावाहून महिनाभरासाठी म्हणून आली आणि आम्हाला वाढवता वाढवता इथेच म्हातारी झाली. बाबा कापड कारखान्यात लूमवर दिवसपाळीला असोत की रातपाळीला, माझ्या वेण्या, दोघांचे डबे आणि धपाटे तिच्याच हातचे.

बाबा गेले तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्यांचं अंथरूण त्यांच्यामागोमाग स्मशानात गेलं. गादीची वळकटी फुईने बांधली आणि उशी मी वर ठेवली. पाचव्या दिवशी कशासाठी तरी रेशनकार्ड लागलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: मृत्युपत्रासकट सगळे कागद उशीबरोबर जळून गेले होते.

वकिलांनी सरळ सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर वारस आम्ही दोघंच, बाबांच्या बहिणीला हक्क नाही. साक्षीदार उभे करून सिद्ध करता येईल, पण त्यात वर्षं जातील. भाऊ शेजारीच बसला होता. तो हजीऱ्याला नोकरीला, संसार तिकडेच, आणि घर विकायचं त्याच्या मनात कधीपासून होतं. आता हा तोंड उघडणार आणि मी याला फाडून खाणार, अशा तयारीने मी बसले होते. खरं सांगायचं तर, विकलं तर आपल्यालाही काही मिळेल, असं माझ्याही मनात येऊन गेलं होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

घरी येऊन पाहतो तर फुईने लुगडी गाठोड्यात बांधली होती.

"मन्हा भाऊनं लिखेल त्याना संगे गयं," ती शांतपणे म्हणाली. "मी गावले जास."

भावाने गाठोडं सोडलं आणि एकेक लुगडं तिच्या ट्रंकेत परत ठेवू लागला. घड्या इतक्या वाईट की फुईला राहवेना, ती स्वतःच नीट करायला बसली. बाबांनी काय लिहिलं होतं ते आपल्याला पाठ आहे, तेच आपण दोघं पुन्हा लिहू, असं तो मला म्हणाला. मला त्याच्यावर इतकी माया दाटून आली की भांडणाची सगळी तयारी फुकट गेली.

वकिलांनी तसा करार केला, आम्ही सह्या केल्या, फुईने अंगठा दिला आणि कचेरीत नोंदही झाली. घरी आल्यावर फुईने कागदाची घडी केली आणि थेट आपल्या उशीकडे निघाली.

"फुई, तठे नको," भाऊ म्हणाला.

ती हसली. "मी मरी गऊ का खोली तुम्हनीच शे. हाऊ कागद मन्हा संगे जाऊ द्या."

भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी उशी उचलली आणि अभ्र्याचं तोंड तिच्यापुढे उघडून धरलं.