बाबांनी आवळलेला नट

गाडीचं ऑइल घरी बदलायचं हे खूळ माझं. बाबांचं नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळं त्यांच्या नावावर गेलं.

बाबांच्या किडन्या गेल्यापासून आठवड्यातून दोनदा त्यांना आचऱ्याहून कणकवलीला डायलिसिसला न्यावं लागायचं. त्यासाठीच मी जुनी मोटार घेतली होती. बाबांनी तीस वर्षं ट्रॉलरवर इंजिन सांभाळलेलं. दर्यात इंजिन बंद पडलं की सगळे खलाशी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. अशा माणसाच्या घरची गाडी तेल बदलायला गॅरेजात न्यायची? मला लाज वाटायची. शिवाय दिवसभर खुर्चीत बसून माडांकडे बघणाऱ्या बाबांच्या हाताला काहीतरी काम मिळेल, असंही मनात होतं.

त्या रविवारी अंगणात पुढची दोन्ही चाकं चिऱ्यांवर चढवली, मागच्यांना ओंडके लावले. खाली जुनं घमेलं ठेवून इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट सोडला आणि काळं तेल काढलं. नट परत बसवायची वेळ आली तसे बाबा खुर्चीतून उठले.

"सर थंयसून. आवळूक माका दी."

"बाबा, हात सांभाळा." त्यांच्या डाव्या हातावर सुयांसाठी केलेली फुगलेली शीर होती. त्या हाताने जोर करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"उजव्यान आवळतंय मी. माका शिकवतंस? सर मेल्या!"

गोणपाटावर आडवे होऊन ते खाली सरकले. नट बोटांनी फिरवत नेला, मग छोट्या पान्याने आवळला. बाहेर आले तेव्हा कपाळाला तेल लागलेलं आणि तोंडभर हसू. डायलिसिस सुरू झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

"बरो बसलो. आता पाइप बिप लावू नको हां. चेंबर ॲल्युमिनियमचो आसा, बोटीसारखो लोखंडी नाय."

आता हा पाइप काय ते सांगतो. आमच्याकडे नट नुसत्या पान्याने आवळला म्हणजे आवळलाच नाही. पान्याच्या दांड्यात हातभर लोखंडी पाइप घालायचा आणि अंगाचा भार टाकून शेवटचा पिळा द्यायचा, ही बोटीवरची रीत. "दर्यात नट सुटलो तर थंय गॅरेज खंय गावतला?" असं म्हणत लहानपणी बाबांनीच मला ती शिकवली होती. आणि आता तेच म्हणत होते, पाइप नको. मला वाटलं, हातात जोर राहिला नाही म्हणून सबब सांगतायत. जळली माझी अक्कल!

ते हात धुवायला मागच्या दारी गेले तेवढ्यात मी पाइप लावला आणि अंग टाकलं. नट आधी अडला, मग भिजलेल्या साबणात खिळा फिरावा तसा गरगर फिरला. आटे गेले, हे मला तिथल्या तिथे कळलं. नट काढला, त्याला नळाची पांढरी टेप गुंडाळली आणि परत घुसवला. नवं तेल ओतून खाली पेपर अंथरला. तासाभरात एक थेंब पडला नाही. टिकलं, म्हटलं.

"ठिबकता काय रे?" बाबांनी पडवीतून विचारलं.

"नाय, बाबा. एकदम झकास."

मंगळवारी डायलिसिसला निघालो. कणकवली पाच-सहा किलोमीटर राहिली असताना ऑइलचा लाल दिवा लागला. आमच्याकडे खाऱ्या हवेने वायरी कुजतात, दिवे उगाच लागतात. तसंच असेल, असं मी स्वतःला समजावलं. थांबलो असतो तर डायलिसिसची दहाची वेळ चुकली असती. मग चढावर इंजिनातून टक-टक यायला लागली.

बाबा ताठ बसले. "थांबव. तेल नाय तिका."

"पोचलंवच, बाबा."

"इंजिन मरतला रे! थांबव!"

मी थांबवायच्या आधी इंजिनच थांबलं. किल्ली फिरवली तर नुसता खट आवाज. बाबांना एका मासळीच्या टेम्पोत पुढे बसवून मी मागे बर्फाच्या पेट्यांवर बसलो. दीड तास उशिरा पोचलो. उरलेल्या वेळात जेवढं झालं तेवढं झालं.

परत येताना मेकॅनिकला घेऊन गाडीपाशी आलो. तो खाली वाकला. नट वाटेत कुठेतरी गळून पडला होता, माझ्या टेपसकट. उरलं होतं ते नुसतं भोक.

"आटे खाल्ले हत. कोणा शाण्यान इतक्या आवळल्यान?"

"मी," बाबा म्हणाले. विचार करायला क्षणभरही थांबले नाहीत. "हाताचो अंदाज गेलो माझो."

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

इंजिन खोलून दुरुस्त करायला अडीच महिने गेले. तोवर आम्ही रिक्षाने जायचो. रिक्षावाला नवा असला की बाबा त्याला आपणहून सांगत, गाडी माझ्यामुळे बसली म्हणून. घरात त्यांनी पान्याला, स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचं सोडलं. कधीकधी उजवी मूठ उघडत-मिटत बसायचे. डायलिसिसने हाताचा अंदाज जातो का, असं त्यांनी एकदा डॉक्टरांना विचारलं. मी ऐकलं आणि औषधं आणायचं निमित्त करून बाहेर गेलो. भित्रा मी, दुसरं काय!

गाडी घरी आली. पुढे ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या खुर्चीसमोर चिरे मांडले. जुनं तेल काढलं आणि पाना त्यांच्यापुढे धरला. "बाबा, आवळा."

त्यांनी पान्याकडे बघितलं. उजवा हात लुंगीला पुसला आणि मांडीखाली घातला.

"नको रे झिला. तूच आवळ. परत गाडी बंद पडात, आणि तुका त्रास."

तुमी बरोबर आवळलेलास, पाइप मी लावलेलो. एवढंच सांगायचं होतं. अंगणात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मी म्हटलं, "बरां." आणि गाडीखाली गेलो.

त्यानंतर बाबा फार दिवस राहिले नाहीत. शेवटच्या खेपेला ॲडमिट होते तेव्हा नर्स पाण्याचा पेला त्यांच्या हातात देत होती.

"तूच पाज गो माका," ते तिला म्हणाले. "ह्या हाताचो भरवसो नाय. चांगला इंजिन मोडलंय ह्या हातान."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खाटेपाशीच उभा होतो. मी मान हलवली, म्हटलं, "होय, तुम्हीच पाजा."